रुईचा पाला सरला, आता अळीला काय घालू?

पोळ्याच्या सुमारास रुईची पानं उलटून पाहिली की खाली काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी हमखास सापडते. कुणीतरी ती खोक्यात घालून घरी आणतं. एक आणायला जातात आणि दहा येतात. चार दिवस मजेत जातात, मग अळ्या बोटाएवढ्या होतात, रात्रीतून खोकं रिकामं होतं आणि पोरं दारात उभी राहतात, "सर, पाला सरला ना जी, आता काय टाकू?" तोवर कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. त्यात एक अमेरिकन बाई अळीला काकडीची चकती देत असते. घरात काकडी असतेच.

व्हिडिओ खोटा नसतो. पण तो दुसऱ्या फुलपाखराचा असतो आणि आपण तो अर्धाच ऐकलेला असतो. पहिल्यांदाच अळी पाळणाऱ्यांसाठी म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. पाला संपल्यावर काय करायचं हे तर यात आहेच, पण मुळात तो संपू नये यासाठी काय करायचं हे त्याहून जास्त आहे. कारण रुईला खरा पर्याय रुईच, बाकी सगळी वेळ मारून नेण्याची साधनं आहेत.

व्हिडिओतली अळी आणि आपली अळी

तिकडची अळी मोनार्कची. हे फुलपाखरू उत्तर अमेरिकेतलं. शरद ऋतूत हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोतल्या मिचोआकान भागातल्या ओयामेल नावाच्या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात जातं आणि तिथे हिवाळा काढतं. त्याची अळी मिल्कवीड नावाच्या चिकाळ झाडांवर वाढते. मका आणि सोयाबीनच्या शेतांत तणनाशकं आली, तसं तिथलं मिल्कवीड झपाट्याने कमी झालं. म्हणून तिकडे लोक घरी अळ्या वाढवतात आणि पाला संपला की काकडी-भोपळ्याकडे वळतात.

आपल्या रुईवरची अळी प्लेन टायगर या फुलपाखराची. मोनार्कचं अगदी जवळचं नातेवाईक, दोघांची जात वेगळी पण प्रजात (जीनस) एकच, आणि रुई व मिल्कवीड हीसुद्धा एकाच कुळातली. हवाई बेटांवर तर मोनार्क आपल्याच रुईवर वाढतो. तिथे रुई बाहेरून नेऊन लावलेली आहे आणि तिच्या फुलांच्या माळा करतात. आपण मारुतीला पानांची माळ घालतो, ते गळ्यात फुलांची घालतात. नातं एवढं जवळचं असलं तरी एकीवरचा अनुभव दुसरीवर डोळे मिटून लादू नये.

आधी अळी ओळखा

पर्याय शोधायच्या आधी हातातली अळी कुणाची ते पक्कं करा. अंगावर काळे मऊ धागे असतात, पोरं त्यांना शिंगं म्हणतात. त्यांच्या जोड्या मोजा. प्लेन टायगरला तीन जोड्या असतात, पुढे एक, मध्ये एक, मागे एक. मोनार्कला दोनच. आपल्याकडच्या ब्लू टायगरलाही दोन. कॉमन क्रो या काळपट तपकिरी फुलपाखराच्या अळीला चार.

हे मोजणं अशासाठी की या सगळ्या अळ्या दिसायला साधारण सारख्या, पण ताट प्रत्येकीचं वेगळं. कॉमन क्रोची अळी कण्हेर, वड, उंबर, उपळसरीवर मिळते. ब्लू टायगरला हिरणदोडीचा वेल लागतो. म्हणून अळी ज्या झाडावर सापडली त्याची एक फांदी सोबत आणायची आणि झाड लक्षात ठेवायचं. "कुंपणावर होती" एवढ्यावर काही ठरवता येत नाही.

धागे आखूड आणि अळी दोऱ्याएवढी असेल तर ती नुकती निघालेली आहे. तिला उचलूही नका, पानासकट आणा.

पाल्याचा हिशेब

अळी अंड्यातून निघते तेव्हा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर असते. पहिलं जेवण अंड्याचं टरफल. त्यानंतर चार वेळा कात टाकून ती पाचव्या टप्प्यात जाते. सुमारे दोन आठवड्यांत मोनार्कच्या अळीचं वजन दोन हजार पटींच्या आसपास वाढतं असं सांगितलं जातं, आणि आपली अळीही खाण्यात मागे नाही. नवखे लोक फसतात ते इथेच. पहिले आठ दिवस एक पान दोघी-तिघींना पुरतं, त्यामुळे वाटतं पाला भरपूर आहे. आयुष्यभरातल्या खाण्याचा मोठा वाटा शेवटच्या तीन-चार दिवसांतला असतो.

म्हणून हिशेब शेवटून करायचा. मोठ्या अळीला रोज निदान एक मोठं, ताजं पान लागेल असं धरा. पायी जाण्याजोग्या अंतरावर रुईची तीन-चार बरी झुडपं असतील तर चार-पाच अळ्या पुरेत. एकच झुडूप असेल तर दोन. वर्गात चाळीस पोरं असली म्हणून चाळीस अळ्या लागत नाहीत.

दाटी केल्याने दुसराही तोटा आहे. भुकेली मोठी अळी समोर आलेलं अंडं किंवा बारकी अळी खाऊन टाकते. लहान-मोठ्या कधीही एका डब्यात ठेवू नका.

रुई विदर्भात कुठेही उगवते, मग ती कमी कशी पडेल, असं वाटेल. पडते. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तणनाशक मारलं जातं, रस्ता रुंद करताना कडेची झुडपं जातात. शनिवारी मारुतीसाठी पानं तुटतात आणि हनुमान जयंतीला देवळाजवळचं झुडूप पार बोडकं होतं. शिवाय रुईवर जगणारे फक्त आपलेच पाहुणे नाहीत. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा मोठा रंगीत टोळ सगळं झुडूप फस्त करतो, शेंगांवर आणि कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा चढतो. त्या टोळाच्या पिल्लाला दाबलंत तर ते अंगावर पिचकारी मारतं, तेव्हा पोरांना आधीच सांगून ठेवा.

पान तोडताना डोळे सांभाळा

रुईचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. गेला तर फसवणूक अशी की दुखत फारसं नाही, पण काही वेळाने नजर धूसर होते, कारण बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजतो. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. तूप, मध, दूध, गावातले सल्ले, काहीही डोळ्यात घालायचं नाही. पान तोडणाऱ्याने साधा चष्मा लावला तरी बराच बचाव होतो. चिकाचे हात डोळ्याला, नाकाला लावू नका, साबणाने धुवा. लहान पोरांकडून पानं तोडवून घेऊच नका, ती त्यांनी अळीला वाढावीत.

तोडलेली पानं टिकवणं

पाला संपण्याची निम्मी तक्रार खरं तर पाला वाळण्याची असते. तोडलेल्या पानाचं देठ खाली करून चीक गळू द्या, मग पान साध्या पाण्याने दोन्ही बाजूंनी धुवून फडक्याने पुसा. मावा, धूळ, कोळी, दुसऱ्या कुणाची अंडी, सगळं तिथेच निघतं. ओल्या पण पिळलेल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलीत तर तीन-चार दिवस छान राहतात. अळीला देण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, थंडगार पान देऊ नका.

फ्रिज नसेल किंवा दिवसभर लाइट नसेल, तर माठाच्या बुडाशी ओल्या गोणपाटात पानं ठेवा. एखादा दिवस निघतो.

फांदी आणली असेल तर ती पाण्याच्या बाटलीत उभी करता येते. बाटलीचं तोंड मात्र कापसाने घट्ट बुजवा. अळ्या देठावरून खाली उतरतात आणि पाण्यात बुडून मरतात. कापसाच्या मुलखात बोळ्याला तोटा नाही.

पानं दोन प्रकारची आणा. बारक्या अळीला शेंड्याचं कोवळं पान हवं, मोठीला खालचं जाड पानही चालतं. सगळेच शेंडे खुडून आणले की झुडूपही थांबतं आणि मोठ्या अळ्या बारक्यांचा घास खातात.

खात नाही म्हणजे भुकेली असं नाही

हा भाग नीट वाचा, कारण पर्यायी खाद्याची निम्मी धावपळ इथल्या गैरसमजातून होते. कात टाकण्याआधी अळी साधारण एक दिवस निश्चल बसते. पान समोर असलं तरी तोंड लावत नाही. लोक घाबरतात, तिला ढोसतात, उचलून दुसऱ्या पानावर ठेवतात, काकडी देतात. तिला हात लावू नका. ती पायांनी जिथे घट्ट धरून बसलेली असते तिथून ओढली तर कात अडकते आणि अळी मरते. कात टाकून झाल्यावर ती जुनी कात खाऊन टाकेल आणि मग पानाकडे वळेल.

दुसरी वेळ शेवटची. पूर्ण वाढलेली अळी एकाएकी खाणं सोडते आणि डब्यात येरझाऱ्या घालते, भिंतीवर चढते. ती पाला शोधत नसते, कोषासाठी जागा शोधत असते. थोड्या वेळात झाकणाला उलटी लटकून इंग्रजी जे अक्षरासारखी वाकेल. आता डबा हलवू नका, एवढंच काम.

खरंच पाला संपला तर

पहिला पर्याय घराबाहेर आहे. दुसरी रुई शोधा. उकिरड्याची कड, नाल्याचा काठ, रेल्वेरुळालगतची पडीक जागा, स्मशानाचं आवार, जुन्या पडक्या वाड्याचं जोतं, या जागा बघा. जांभळ्या फुलांची रुई, पांढऱ्या फुलांची रुई, मोठ्या पानांची, लहान पानांची, सगळ्या चालतात. अभयारण्यात मात्र शिरू नका. ताडोबा, मेळघाट, बोर, पेंच, कुठेही असो, तिथलं पानही तोडायचं नाही आणि अळीही आणायची नाही.

दुसरा पर्याय बऱ्याच जणांना पटत नाही, पण मला तो सगळ्यात चांगला वाटतो: जास्तीच्या अळ्या परत नेऊन सोडा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर जा. अळी बोटांनी सोलून काढू नका. ती बसली आहे तेवढा पानाचा तुकडा कापा आणि बाभळीच्या काट्याने तो नव्या झुडपाच्या पानाखाली टाचा. जुना तुकडा वाळला की ती आपण होऊन हिरव्यावर जाते. एका झुडपावर दोन-तीनच. मुंग्यांची रांग असलेलं झुडूप टाळा.

तिसरा पर्याय नात्यातली झाडं. यात आपल्याकडे सहज मिळणारी दोन.

हळदीकुंकू हे बागेतलं लहान झुडूप, फुलं लाल आणि पिवळी, देठ तोडलं की पांढरा चीक. हे अमेरिकेतल्या मिल्कवीडचंच भावंड आहे, आणि प्लेन टायगर त्यावर आनंदाने वाढतं. नर्सरीतून रोप आणलंत तर त्याच दिवशी अळी चढवू नका. नर्सरीत रोपांना कीटकनाशक दिलेलं असण्याची शक्यता असते. महिनाभर घरी ठेवा, जुनी पानं काढून टाका, नवी फूट येऊ द्या, मग वापरा. म्हणजेच हे झाड गरज पडण्याआधी लावून ठेवायचं, पाला संपल्यावर धावत जाऊन आणायचं नाही.

उतरण हा कुंपणावरचा वेल पावसाळ्यात जोर धरतो. पानं हृदयाच्या आकाराची, लवदार, चोळली तर वास उग्र. फळं जोडीने लागतात, शिंगांसारखी, वर मऊ काटे. तोडला की चीक. बाभळीच्या, बोरीच्या काट्यांवर चढलेला असतो आणि बहुतेक लोक त्याला तण समजून उपटतात. तो उपटू नका.

माकडशिंगी किंवा खर्चुडीही याच गोतातल्या आहेत आणि अळ्या त्यांवर वाढतात. पण खर्चुडीच्या काही जाती दुर्मिळ आहेत, माकडशिंगी हळू वाढते. अळीच्या पोटासाठी ती खुडणं मला पटत नाही.

झाड बदलताना

रुईवर वाढलेली मोठी अळी नव्या झाडाला नाक मुरडू शकते. झाड बदलायचंच असेल तर अळी लहान असताना बदला, किंवा रुईचं अर्धं पान आणि नवं पान एकमेकांवर ठेवा म्हणजे ती आपोआप दुसऱ्यावर सरकते. सकाळी ठेवा आणि संध्याकाळपर्यंत बघा. नवीन पानावर कुरतडल्याच्या खुणा आणि डब्यात ताज्या लेंड्या असतील तर जमलं. दोन्ही नसतील, आणि अळी कात टाकायला बसलेली नसेल, तर जिद्द करू नका. रुई शोधायला निघा.

भंडारा-गडचिरोलीकडे टसर रेशीम करणाऱ्या ढिवर बांधवांना हे सांगावं लागत नाही. टसरची अळी ऐनावर वाढते, अर्जुनावर वाढते, पण ती सागावर सोडून बघायच्या फंदात कुणी पडत नाही.

चीक म्हणजे नातं नव्हे

चीक दिसला की लोक नातं जोडतात. नाल्याकाठचं बेशरम तोडलं की चीक येतो, म्हणून पोरं ते आणतात. बेशरमचं नातं रताळ्याशी आहे, रुईशी नाही. थोर, शेर, पपई, वड यांचंही तेच. अळी उपाशी मरेल.

त्याहून फसवी झाडं म्हणजे कण्हेर, चाफा, सदाफुली. ही रुईच्याच मोठ्या कुळात मोडतात, पण त्या कुळाच्या दुसऱ्या शाखेत. कण्हेरीवर कॉमन क्रोची अळी मजेत वाढते, प्लेन टायगर तिला तोंड लावत नाही.

समोरासमोर पानं, चीक आणि म्हातारी उडणारं फळ, ही तीन लक्षणं जुळली तर झाड रुईच्या जवळचं असण्याची शक्यता वाढते. खात्री तरीही नाही. अमेरिकेत युरोपातून गेलेला डॉग-स्ट्रँगलिंग व्हाइन नावाचा वेल आहे. तो मिल्कवीडच्याच गोतातला आहे. मोनार्कच्या माद्या फसून त्यावर अंडी घालतात आणि निघालेल्या अळ्या मरतात. आईच चुकते तिथे आपण अंदाजाने पान वाढू नये.

पालक, मेथी, कोबी, कढीपत्ता, भाजीबाजारातलं कुठलंही पान देऊ नका. कोबीबद्दल एक गंमत सांगतो. १९६० च्या दशकात लिंकन ब्राउअर या शास्त्रज्ञाने पक्ष्यांना मोनार्क कडू का लागतात हे तपासायला निवडक पैदास करून कोबीवर वाढणाऱ्या अळ्या तयार केल्या होत्या. कोबीवर वाढलेली फुलपाखरं ब्लू जे पक्ष्याने खाल्ली आणि पचवली, मिल्कवीडवर वाढलेली खाऊन त्याने ओकली. विष झाडाकडून येतं हे त्यातून कळलं. पण ते प्रयोगशाळेतलं, निवडून निवडून केलेलं काम होतं. तुमच्या डब्यातली अळी त्या निवडीतली नाही.

काकडी आणि कोहळं

आता व्हिडिओतल्या चकतीकडे येऊ. अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये मोनार्क पाळणारे लोक पाला संपला की लाल भोपळा, म्हणजे आपल्याकडचं कोहळं, किंवा काकडी देतात, आणि काही अळ्या त्यावर कोषापर्यंत पोहोचतात. व्हिडिओत जी अट बहुतेक वेळा निसटते ती ही: हे फक्त शेवटच्या, पाचव्या टप्प्यातल्या अळीसाठी आहे. तीन सेंटिमीटरच्या पुढे गेलेली, जाडजूड, दोन-तीन दिवसांत कोषात जाणारी. तिच्या अंगात साठा झालेला असतो, तिला शेवटचं थोडं अंतर काढायचं असतं. बारकी अळी भोपळ्यावर जगत नाही. पानात जे आहे ते भोपळ्याच्या पाण्यात आणि गरात नाही.

भोपळ्यावर वाढलेल्या मोनार्कच्या लेंड्या हिरव्याऐवजी पिवळ्या-नारिंगी आणि ओलसर होतात. फुलपाखरू निघालं तरी लहान निघू शकतं, आणि शेवटच्या दिवसांत मिळालं असतं ते कडूपणाचं विष त्याला मिळालेलं नसतं.

प्लेन टायगरच्या बाबतीत मी ही वाट अगदी शेवटची धरतो. रात्र झाली आहे, पाऊस लागला आहे, डब्यात पूर्ण वाढलेली अळी आहे आणि सकाळपर्यंत रुई मिळणार नाही, तर कोहळ्याची साल काढून पातळ चकती ठेवा. तिच्यावर रुईच्या उरल्यासुरल्या पानाचा तुकडा चोळा, म्हणजे वास येईल. फळ आधी नीट धुवा. चकती दोनदा बदला, नाहीतर बुरशी येते. खाल्लं तर ठीक, नाही खाल्लं तर ती रात्रभर उपाशी राहील. मोठी अळी एक रात्र उपाशी राहून मरत नाही. सकाळ झाली की रुई आणा.

फवारणीच्या दिवसांत

जुलैपासून कपाशीवर आणि सोयाबीनवर फवारे चालू असतात. नेमका तोच आपला हंगाम. कपाशीच्या धुऱ्यावरची रुई कितीही टवटवीत दिसली तरी सोडून द्या. वाऱ्याने आलेला फवारा पानावर बसतो, तो धुवून काही अंशी जातो. पण इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी औषधं झाडाच्या रसात उतरतात, ती धुण्याने निघत नाहीत. शेतमालकाला विचारा, "भाऊ, इकडे कधी मारलं?" बहुतेक जण सरळ सांगतात. विषारी पान खाल्लेली अळी आधी तडफडते, मग हिरवं ओकते. त्या दिवशी आणलेली सगळी पानं फेका, डबा साबणाने धुवा, उरलेल्या अळ्यांना दुसरीकडचं पान द्या.

घरातही तेच. डासांची कॉइल, लिक्विड मशीन, मुंग्यांची पावडर अळीच्या खोलीत नको.

अळी काळी पडून मऊ झाली आणि लोंबू लागली तर तो रोग असतो, ती लगेच वेगळी करून पुरा. कोषातून पांढरे धागे लोंबताना दिसले तर आत माशीच्या अळ्या होत्या असं समजा. रानातून आणलेल्या मोठ्या अळ्यांत हे नेहमीचं आहे, तुमच्या खाऊ घालण्याचा त्यात दोष नाही.

डबा

पसरट तोंडाची बरणी किंवा मिठाईचा मोठा प्लास्टिक डबा, वर मच्छरदाणीचं कापड रबराने बांधलेलं, खाली वर्तमानपत्र. रोज लेंड्या काढा. उन्हात ठेवू नका, कूलरच्या थेट झोतातही नाही. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, तेव्हा नवख्याने सुरुवात करू नये. पाल घरात असतेच, तेव्हा झाकण उघडं राहू देऊ नका.

पुढच्या वर्षीची सोय

रुईची फळं उन्हाळ्याच्या तोंडावर तडकतात. म्हाताऱ्या उडायच्या आत बिया गोळा करा, कापूस वेगळा करा आणि पहिल्या पावसानंतर कुंपणाच्या कडेला किंवा फुटक्या बादलीत माती घालून टाका. फांदीही लागते, चीक सुकू द्यायचा आणि मग रोवायची. पाणी साचू देऊ नका, बाकी तिला काहीही चालतं. असलेल्या झुडपाची निम्मी फांदी पावसाळ्याआधी छाटली तर पोळ्यापर्यंत कोवळी फूट भरपूर येते. निम्मीच, सगळं झुडूप बोडकं करू नका. शाळेच्या आवारात लावायची तर पोरांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब, चिकामुळे.

संत्र्यावरच्या अळीचं काय

वरूड-मोर्शीकडून हा प्रश्न येणारच. संत्र्या-लिंबाच्या पानावरची, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठेपणी हिरवी होणारी अळी लिंबावरच्या फुलपाखराची असते. तिच्यासाठी पर्याय सोपे आहेत: कढीपत्ता आणि बेल. दोन्ही संत्र्याच्याच कुळातले. घरच्या कढीपत्त्यावर तिला वाढवता येतं, फक्त विकत आणलेला कढीपत्ता देऊ नका, त्यावर काय मारलंय ते कळत नाही. ही अळी संत्र्याच्या रोपांची पानं फस्त करते, त्यामुळे फुलपाखरू निघाल्यावर ते कुणाच्या नर्सरीशेजारी सोडू नका. शेतकऱ्याने तिच्यावर फवारा मारला तर त्याच्याशी भांडायलाही जाऊ नका.

कोष फुटल्यावर

प्लेन टायगरचा कोष हिरवा किंवा फिक्कट गुलाबी असतो, वर सोनेरी ठिपके. पावसाळ्यात आठवड्या-दहा दिवसांत फुटतो, थंडीत जास्त वेळ घेतो. आदल्या दिवशी तो गडद होतो आणि आतले केशरी पंख दिसायला लागतात. निघाल्यावर पंख लोंबते ठेवून वाळवायला दोन-तीन तास लागतात, तोवर हात लावू नका. संध्याकाळी निघालं किंवा पाऊस असेल तर रात्रभर राहू द्या, सकाळी ऊन पडल्यावर सोडा.

सोडायची जागा फुलांची हवी. घाणेरी, झेंडू, रुई काहीही. जवळ खुळखुळा, भुरुंडी किंवा हिरवळीच्या खतासाठी पेरलेला ताग असेल तर आणखी चांगलं. प्लेन टायगरचे नर या झाडांच्या सुकल्या भागांवर बसून त्यांतला एक रस शोषतात, त्याशिवाय मादीला भुलवणारा वास त्यांना नीट बनवता येत नाही. ताग कापून वाळत घातला असेल तर सकाळी नवाच्या सुमारास तिथे बघा, चार-दोन नर बसलेले असतात.